छतावरची माकडं

मुलगी आर्किटेक्ट झाली त्या उन्हाळ्यात काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसायला जागा नव्हती. पलंगावर नकाशांच्या गुंडाळ्या, फ्रिजवर पुठ्ठ्याची घरं, आणि मधोमध लॅपटॉप घेऊन ती. पुण्याच्या एका ऑफिसनं तिचा पोर्टफोलिओ मागवला होता. जुनी घरं दुरुस्त करणारी माणसं. पानं वीसच्या वर नकोत, रेझ्युमे एका पानाचा, आणि एका कामावर मराठीत टिपण हवं, कारण तिथं रोज गवंडी-सुतारांशी बोलावं लागतं, असं त्यांनी कळवलं होतं. बाकी ठिकाणांहून नकार आले होते, नाहीतर काहीच आलं नव्हतं. ही एकच जागा उरली होती.

माझी शाळा नववीत सुटली. नवरा इथं सोनं गाळायच्या कामाला, म्हणून लग्न होऊन सांगलीकडून थेट काशीला आले. मुलीचं काम कसं चाललंय ते मला कागदावरून नाही, तिच्या तोंडावरून कळायचं. तिनं रेझ्युमे दाखवला तेव्हा मी विचारलं, "वडिलांचं नाव कुठाय? आणि उंची?"

"आई, हा लग्नाचा बायोडाटा नाहीये."

"म्हणून बापाचं नाव नको?"

घरमालकीणकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांच्या घराची ही चौथी पिढी इथं. म्हणाल्या, "गोत्र पण घाल गं. नौकरी नाही तर नाही, रिश्ता तर येईल!"

मुलगी हसली नाही. ती पोर्टफोलिओची पानं कमी करत होती. ज्या हॉस्पिटलच्या नकाशापायी ती धड जेवली नव्हती, धड झोपली नव्हती, ते तिनं एका बोटानं उडवलं.

"अगं, ठेव की ते!"

"त्यात माझं काही नाही, आई. वर्गात सगळ्यांचं तसंच होतं."

ठेवलं ते दुर्गाघाटाजवळचं एक घर. काकूंच्या नात्यातलं. त्या लोकांनी भाडेकरूच्या पोरीला देवघरापर्यंत मोजमापाची फीत लावू दिली होती, चहा पाजला होता, हे मी कधी विसरणार नाही. त्याच घरावर तिनं टिपण लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "संध्याकाळी सगळं घर छतावर असतं. छतावर पापड वाळतात, छतावर मुलं अभ्यास करतात. माकडं येतात म्हणून छतावर लोखंडी जाळी आहे."

"मराठी ठीक आहे ना?"

एवढ्या वर्षांच्या तिच्या शिक्षणात मला विचारावी अशी ही पहिली गोष्ट होती. मी पुन्हा वाचायला लावलं. कुठं खडा लागला नाही. "अगदी बरोबर आहे," म्हटलं. रेझ्युमेत मराठीपुढं तिनं 'उत्तम' लिहिलं आणि सगळं पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. मी गॅस बंद केला, खालच्या गल्लीत खेळणाऱ्या पोरांना हात जोडले, आणि दिसणार नाही अशी दाराआड बसले. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, भरभर बोलणारा. नकाशांबद्दल बरंच विचारलं. मुलगी नीट उत्तरं देत होती. मग त्या म्हणाल्या, "टिपण वाचलं. तुमच्याकडे पापड छतावर वाळतात?"

"हो मॅडम."

"चिकटवता कशाने?"

मुलगी म्हणाली, "नाही... असेच घालतात."

"आणि मुलं छतावर अभ्यास करतात. उलटी लटकून?"

तिकडं आणखी कुणीतरी हसलं.

छत म्हणजे आडवं पडल्यावर डोळ्यांपुढं दिसतं ते! वरची मोकळी जागा ती गच्ची. आमच्या गावात तर माळवद म्हणायचे. कपडे घालायला, पापड घालायला मी इथं रोज 'छतावर' जात होते, आणि तो शब्द कधी बदलला ते मला कळलंही नव्हतं. पोरीला द्यायला माझ्याकडं एवढी एक भाषा होती. तीही झिजलेली निघाली. वाटलं, आत जाऊन सांगावं, चूक माझी आहे, तिला काही म्हणू नका. पण उठले असते तर आणखी बिघडलं असतं. पदराचा बोळा तोंडाशी धरून बसले.

"मॅडम," मुलगी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "इथं छत म्हणजे वरची खुली जागा. तुम्ही काय म्हणता?"

"गच्ची."

"गच्ची." तिनं लिहून घेतल्याचं मला ऐकू आलं.

"आता सांग. साइटवर गवंडी म्हणाला, छत गळतंय. तू काय करशील? वर चढशील?"

"आधी खाली बघीन, डाग कुठं आहे ते. मग त्यालाच वर घेऊन जाईन. म्हणीन, दादा, ह्याला तुम्ही काय म्हणता, मला बोटानं दाखवून सांगा."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. पोर ताठ बसली होती, कान लाल झालेले.

"मराठीपुढचं ते 'उत्तम' काढ," बाई म्हणाल्या. "खरं काय ते लिही आणि पुन्हा पाठव. एक तारखेपासून येता येईल?"

"येईल," ती म्हणाली, मला न विचारता.

कॉल बंद झाल्यावर ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता रागावेल. "तुला पण माहीत नव्हतं?" एवढंच म्हणाली.

"होतं गं. होतं."

'उत्तम' खोडून तिनं 'घरात बोलते' लिहिलं, फाइल पाठवली आणि पाणी प्यायली. पहिल्यांदाच ती माझ्या मुलखात राहायला जाणार होती, आणि मी इथंच.

"आई, तिथं रिक्षावाल्याला काय म्हणायचं? भैया?"

तो शब्द तिकडं कुणाला आणि कसा म्हणतात, हे मला आठवत होतं. हिला तो कुणी ऐकवला तर?

"दादा म्हण," मी म्हटलं. "नाहीतर काका. भैया नको म्हणूस."

"का?"

"नको म्हणूस म्हटलं ना."