गोड बोलण्यावर विश्वास नसलेली

मुलांनो,

रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने सांगितलं, की शाळेत तिला वाचनासाठी वेगळ्या बाईंकडे पाठवतात आणि वर्गातली मुलं त्यावरून हसतात. मागून तुमची आई म्हणाली, "आजीला कशाला सांगतेस हे!" म्हणूनच आजच लिहायला बसले. सुरतेत मी तशाच एका खोलीत शिकवत असे, आणि त्या खोलीवर सगळ्यांत जास्त संशय घेणारी एक बाई तुम्हाला माहीत असायला हवी.

तिची सवय अशी: समोरचं माणूस हळू आवाजात बोलू लागलं, की ती एक पाऊल मागे सरायची, पदर कमरेला खोचायची आणि म्हणायची, "एवढं गोड कशाला बोलता? काय काम शे ते सांगा."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेच्या गोडादरा भागात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या खानदेशी लोकांची वस्ती होती. त्यांच्या मुलांच्या मराठी शाळेत, अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी आम्ही एक खोली सुरू केली. दारावर 'विशेष मार्गदर्शन' अशी पाटी लावली. वस्तीने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. लोक म्हणायचे, येड्यांची खोली.

त्या संशयी बाईची मुलगी तिसरीत होती. काही विचारलं की नुसती हसायची. मुख्याध्यापकांनी ती मंद आहे असं ठरवून माझ्याकडे पाठवली. दुसऱ्याच दिवशी आई दारात हजर.

"मनी पोर येडी नही शे. माझी पोर घरी सांगेन ते सगळं करते."

"ताई, आधी बसा तर खरं."

"बसते. पण दार लावायचं नाही. अन् पोरीला एकटी सोडून मी जायची नाही."

भिंतीला टेकून बसली आणि माझं कपाट न्याहाळू लागली.

"त्यात काय?"

"चित्रांचे तक्ते."

"उघडा."

मी उघडलं. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं, लाकडी ठोकळे नाकाशी नेले. मी काही लिहिलं की लगेच, "काय लिहिलं? मोठ्यानं वाचा."

ही तपासणी उगाच नव्हती. गावाकडून सासूचे निरोप येत होते: पोरीला इकडे पाठव, बकऱ्यांमागे जाईल. पोर येडी आहे असा बोभाटा झाला असता, तर नवरा तिला नंदुरबारच्या गाडीत बसवून मोकळा होणार होता. मग शाळा संपलीच.

माझ्या शिकवण्याने काही फरक पडेना. आम्हाला शिकवलं होतं, अशा मुलांशी हळू, प्रेमाने बोलावं. मी तशी बोले आणि पोरगी हसे. 'घरी सगळं करते' हे आईचं म्हणणं मला खरं वाटत नव्हतं. सगळ्याच आया तसं म्हणतात. म्हणून एका दुपारी न कळवता तिच्या घरी गेले.

"तपासायला आल्या का?" तिने दारातच विचारलं. निदान मला वाटतं तसं विचारलं, कारण ऐकू काहीच येत नव्हतं. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. भांडी फळीवर थरथरत होती. त्या खडखडाटात तिने मुलीकडे पाहून भुवई उडवली, ओठ हलवले, दोन बोटं दाखवली. मुलीने दोन पेले पाणी आणलं. मग हनुवटीने काही सांगितलं, तर मुलीने कोपऱ्यातलं सुपडं आणून दिलं. सगळं घरच असं बोलायचं. कारखान्यातही कामगार तसंच बोलतात.

इतक्यात वीज गेली. लूम थांबले. आई पाठमोरी होऊन तांदूळ पाखडत होती. तिने साध्या आवाजात मुलीला हाक मारली. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. आणखी एक हाक. मग आईने मुलीच्या मागे जाऊन जोरात टाळी वाजवली.

मुलीने मान वळवली नाही.

आई माझ्याकडे वळली. म्हणाली, "तुम्ही आल्या अन् लाइट गेली. काय केलं तुम्ही?"

मी हसले नाही. मुलीचे कान लहानपणापासून वाहायचे, त्यात गरम तेल घालायचे, हे हळूहळू बाहेर आलं. इतकी वर्षं ती चेहऱ्यांवरून बोलणं ओळखत होती, आणि त्या घरात कोणाला वेगळं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

धर्मादाय दवाखान्यात कानाचं यंत्र मिळालं. आईने ते डॉक्टरांसमोर उलटसुलट केलं. "आमचं घरातलं बोलणं यातून कुठे जात तर नाही?" मग आधी स्वतःच्या कानात घालून बसली. काही वाईट झालं नाही, तेव्हा मुलीला दिलं.

पुढे वस्तीतल्या दोघी-तिघी आपापली मुलं घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना तिने काय सांगितलं होतं ठाऊक आहे? "बाई लय गोड बोलतात. विश्वास ठेवू नका. आत बसून बघा." माझी याहून चांगली शिफारस कोणी केली नाही.

पण घरी ते यंत्र चालेना. लूमचा आवाज त्यातून इतका मोठा होऊन येई, की मुलगी रडत ते उपटून टाकी. "मी म्हटलंच होतं, यात काहीतरी आहे," असं आई मला ऐकवून गेली. त्यानंतर दोघी शाळेत दिसेनात. पोरीला गावी धाडलं असावं, असं मी धरून चालले.

शेवटी त्यांच्या घरी गेले. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "कोसाडकडे खोली घेतली. तिकडे लूम नाही ना जवळ. नवरा लय भांडला, कामावर यायला त्याला केवढं लांब पडतं. पण हिने ऐकलं नाही. पोरगी तिकडच्या शाळेत जाते, यंत्र घालून."

"पत्ता आहे का?"

शेजारीण ओशाळली. "आहे. पण ती म्हणून गेली, बाईंना देऊ नको. मागून येतील तपासायला."

मी पत्त्यासाठी आग्रह धरला नाही. ती पुन्हा भेटली नाही.

ती शाळा अजून आहे. त्या खोलीत आता दुसऱ्या बाई शिकवतात. दार लावत नाहीत, आणि मुलाबरोबर घरचं माणूस भिंतीला टेकून आत बसतं.