कदम साहेबांना सांगायचं राहिलं

मी हे लिहिणं आगाऊपणाचं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. कदम साहेबांना मी जेमतेम पाच-सहा वेळा भेटलो. माजी सैनिकांच्या कल्याणाचं सरकारी कार्यालय ते सांभाळायचे, सगळी नोकरी त्याच खात्यात झाली. त्यांच्यावर लिहायला त्यांच्या बरोबरीची माणसं आहेत. पण माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली, आणि ती दुसरं कोणी लिहिणार नाही.

माझे बाबा फौजेत जवान होते. निवृत्तीनंतर परळच्या एका टॉवरवर सिक्युरिटीत लागले. ते गेल्यावर आईला माजी सैनिकाची पत्नी म्हणून ओळखपत्र हवं होतं. त्यासाठी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, दाखवावं लागतं. घोळ तिथेच होता. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला घरात शस्त्र नाही, म्हणून बाबा दर वर्षी ते पुस्तकच पाटावर उघडून ठेवायचे आणि पाणी शिंपडून हळदकुंकू वाहायचे. आईचं नाव असलेलं पानच लाल होऊन गेलं होतं. एक अक्षर वाचता येत नव्हतं.

खिडकीवरच्या क्लार्कनं अर्ज परत सरकवला. आई तशीच जाऊन साहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहिली.

"आधी बसा ताई. उभं राहून गाऱ्हाणं देवळात घालायचं," साहेब म्हणाले. पुस्तक हातात घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले. "पूजा कोणी केली?"

"ह्यांनीच. मी नुसतं पाणी आणून दिलं."

"म्हणजे मुख्य आरोपी निसटला."

आई कितीतरी महिन्यांनी हसली.

त्यांनी अर्ज ठेवून घेतला. कागद अपुरे असले तरी अर्ज परत द्यायचा नाही, पुरावा जिथे मिळेल तिथे स्वतः लिहायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळे टेबलावर ढीग साचायचा, वरून बोलणी बसायची. असं का करता, हे मी एकदा भीत भीत विचारलं. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या जिल्ह्यात, एका म्हातारीचा अर्ज त्यांनी एका सहीसाठी परत दिला होता. ती पुन्हा आली नाही. चौकशीला घरी गेले तेव्हा... "तेव्हापासून परत देत नाही," एवढंच ते बोलले.

ते निवृत्त झाले तेव्हा आमचं काम फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसच्या उत्तरावर अडलं होतं. प्रभादेवीच्या घरचा पत्ता त्यांनी मला लिहून दिला. "झालं की सांगायला ये. चहा पिऊ."

काही महिन्यांनी ओळखपत्र आलं. आई म्हणाली, "आजच जा." मी म्हटलं, पंधरा दिवसांत निकाल आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, दोन्ही बातम्या एकदमच देऊ... मग निकाल लांबला. परळच्या आमच्या घरून प्रभादेवी चालत वीस मिनिटांवर. तरी मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात निकाल लागला, तेव्हा पेढे घेऊन गेलो. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. साहेबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. तरी मी ओळखपत्र मिळाल्याचं सांगितलं.

त्यांनी मला आत बसवलं. मग म्हणाल्या, "परळचा तो तूच का? हॉस्पिटलात शुद्धीवर आले की विचारायचे, परळच्या ताईंचं काही कळलं का. मी ‘नाही’ म्हणायचे."