सात देशांनी उठवलेले मामाजी

एका महिन्यात सात देशांतल्या लोकांनी ज्याला पत्त्यांच्या टेबलावरून उठवून लावलं, असा माणूस उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. त्यासाठी त्यांना पासपोर्ट लागला नाही की विमान लागलं नाही. गडचांदूरच्या आपल्या घरात, अंगात बनियन आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा अशा थाटात कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी इंग्लंडपासून न्यूझीलंडपर्यंत सगळीकडून स्वतःला हाकलून घेतलं. आणि दरवेळी शांतपणे एवढंच म्हणाले, "लाइन गेली असन जी."

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. हे मामाजी सिमेंटच्या कारखान्यात वायरमन होते आणि रिटायर झाल्यावरही त्यांच्या खिशातला टेस्टर काही रिटायर झाला नाही. कोणाकडे बारशाला गेले तरी बाळ नंतर, आधी बटणं. माझं स्थळ पाहायला आले तेव्हा मी चांगला इस्त्रीचा शर्ट घालून उत्तरं पाठ करून बसलो होतो. मामाजींनी मला एक प्रश्न विचारला नाही. ते थेट कूलरकडे गेले, टेस्टर लावला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगा बरा दिसते, पन घराले अर्थिंग नाई." पुढच्या रविवारी येऊन त्यांनी अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा-मीठ भरून अर्थिंग करून दिलं आणि मगच साखरपुड्याची तारीख काढू दिली. जावयाला शॉक बसला तर मुलीचं काय, हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता.

या माणसाला ब्रिजचं वेड लागलं ते कारखान्याच्या क्लबात. संध्याकाळी तिथे साहेबलोक ब्रिज खेळत आणि वीज गेली तर जनरेटर सुरू करायला एक वायरमन हजर लागे. तो वायरमन म्हणजे मामाजी. भिंतीला लावलेल्या स्टुलावर त्यांनी चौदा वर्षं काढली. वीज रोज थोडीच जाते? मग ते खेळ बघत. चौघांच्या पाठीमागून बघून बघून त्यांना तो असा काही कळला की कोणता साहेब बायकोशी भांडून आला आहे, हे ते त्याच्या उतारीवरून सांगत. चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाच निघून गेलं, "साहेब, इस्पिक टाका ना." साहेबांनी वर न पाहता सांगितलं, "तू पंखा बघ." पंखा व्यवस्थित चालला होता. मामाजी उठले, त्यांनी पंखा बघितला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले. ही गोष्ट ते हसत हसत सांगत, पण सांगून झाली की उगाच टेस्टर काढून हातात फिरवत राहत. जन्माला येऊन एकदा तरी चौघांतला एक होऊन ब्रिज खेळायचा, एवढी एकच इच्छा या माणसाची उरली होती.

रिटायर झाल्यावर त्यांनी आधी गावातच चौघं जमवायचा घाट घातला. कापसाचे दोन शेतकरी आणि सायकल दुरुस्तीवाले रहीमभाई यांना हनुमानाच्या मंदिरामागच्या चबुतऱ्यावर बसवून शिकवणी सुरू केली. बोली लावण्यापर्यंत सगळं ठीक चाललं. पण ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराने आपले पत्ते उघडे मांडायचे आणि डाव संपेपर्यंत गप्प बसायचं असतं, हे ऐकल्यावर रहीमभाईंनी पत्ते खाली ठेवले. "पत्ते बी द्यायचे अन् तोंड बी बंद ठेवायचं? मंग मी घरून आलो कायले?" शेतकऱ्यांनाही हे पटलं आणि मंडळी एकमताने मेंढीकोटवर परतली.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या मेव्हण्याने पुण्याला नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुना गडचांदूरला पाठवला. मी जिल्हा परिषदेत कारकून. ऑफिसात टायपिंग करतो, म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, अशी सासरवाडीत माझी ख्याती. मामाजींना इंटरनेटवर ब्रिज खेळायची जागा मीच शोधून दिली, आणि ते पाप माझंच. टेलिफोनच्या तारेतून कुईंकुईं आवाज करत ते जगाशी जोडले गेले की घरचा फोन तासन्‌तास लागत नसे. एकदा फोन लागत नाही म्हणून त्यांची राजुऱ्याची बहीण घाबरून बसने आली आणि ओट्यावरच गळा काढायच्या बेतात होती. मामीजींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला आत नेऊन धडधाकट भाऊ दाखवला. भावाने मान न वळवता तिला सांगितलं, "थांब, बोली चालू हाये."

आता हाकलण्याचं कारण. आपल्याकडे चार माणसांत जाऊन बसलं की आधी रामराम करावा, गाव विचारावं, जेवण झालं का विचारावं, मग कामाचं बोलावं. मामाजी टेबलावर बसत आणि एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहीत: "नमस्कार. मी गडचांदूरचा. तुमचं जेवण झालं का?" एकदा लिहून भागत नसे. तिघांना वेगवेगळं विचारायचं, नाहीतर एकाला विचारलं आणि दुसऱ्याला नाही असं होईल. तिसऱ्याचं जेवण येईपर्यंत चार-पाच मिनिटं जात आणि बोली मामाजींवर अडून राहिलेली असे. मग टेबलाचा मालक त्यांना उठवून टाकी. मामाजींना वाटे लाइन गेली. ते पुन्हा त्याच टेबलावर जात आणि आपण पुन्हा आलो म्हणून पुन्हा जेवणाची चौकशी करत. त्या मालकाच्या नावापुढे लिहिलेला देश ते नंतर नातीच्या भूगोलाच्या नकाशात शोधत आणि म्हणत, "लय दूर हाये. म्हून लाइन टिकत नाई."

शेवटी मीच धीर करून सांगितलं, "मामाजी, लाइन जात नाही. ते तुम्हाला उठवतात. तिथे असं विचारत नाहीत. सरळ खेळायला लागायचं."

मामाजींनी माउस बाजूला सारला. मग म्हणाले, "अनोळखी मानसांसंग मुक्यानं पत्ते खेळू का जवाईबापू? मी का चोर हाओ?" त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझं मलाच वाईट वाटलं. पण मी माझाच हेका चालवला आणि त्यांनी त्यांचा. आठ दिवस कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला होता.

नवव्या दिवशी टॉवेल निघाला, कारण त्या जागेत अगदी खाली, नवशिक्यांसाठी म्हणून मांडलेलं एक टेबल त्यांना सापडलं. ते मांडलं होतं स्कॉटलंडच्या एका रिटायर्ड शाळामास्तरणीने. सोबत तुर्कस्तानातला एक दातांचा डॉक्टर आणि हॉलंडमधला एक पोस्टमन. मामाजींनी सवयीने जेवण विचारलं आणि डोळे मिटून उठवलं जाण्याची वाट बघत बसले. डोळे उघडले तर पडद्यावर बाईंचं उत्तर होतं: झालं, वाटाण्याचं सूप आणि पाव, तुमचं काय झालं? मामाजींनी मला ऑफिसात फोन करून ही बातमी दिली. "जवाईबापू, बाईनं मले इचारलं! सुपात काय काय टाकलं ते बी सांगितलं!" मागून मामीजींचा आवाज आला, "कोन बाई?"

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी सहाला मामाजी आंघोळ करून, बुशशर्ट घालून खेळायला बसू लागले. तिकडचं कोणी त्यांना बघू शकत नाही हे मी सांगितलं, तर म्हणाले, "आपन तं पाहून राह्यलो ना." मास्तरीणबाईंनी टेबलाचा एक नियम करून टाकला. ज्याला पत्ते मांडून गप्प बसायचं आहे त्याने तोवर आपल्याकडची हकीकत लिहायची. मामाजींना तर रान मोकळं झालं. अंबाडीची भाजी, कारखान्याची धूळ, रहीमभाईंचं बंड, सगळं तिकडे पोचलं. तिकडून वाघाचं विचारलं गेलं तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. जन्म या जिल्ह्यात गेला, पण वाघ काही दिसला नव्हता. मग जंगलाकाठच्या मोहर्लीच्या एका नातेवाइकाला दिसलेला वाघ त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला. तो पहिल्या रविवारी नाल्यापलीकडे होता. तिसऱ्या रविवारी तो मामाजींच्या सायकलला अंग घासून गेला, आणि डॉक्टर तर एका पेशंटला तोंड उघडं ठेवायला लावून ही गोष्ट सांगत बसला म्हणे.

एका रविवारी बाई लेकीकडे जाणार होत्या. मामाजींचा सकाळीच फोन आला, "चौथा मानूस कमी पडून राह्यला. तुमी बसा." दोन वर्षं ते मला ब्रिज शिकवत होते आणि दोन वर्षं मी हो हो म्हणत पेपर वाचत होतो. तरीही मी चंद्रपुरात माझ्या कॉम्प्युटरवर बसलो, त्यांचा जोडीदार म्हणून. तिसऱ्याच डावात मामाजींनी बदामाचा एक्का टाकला. हात आमचाच होता, मी एखादं फालतू पान टाकलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्याकडे बदाम नाही आणि हुकूम आहे, या आनंदात मी त्या एक्क्यावर हुकूम मारला. बोलणी खायची वेळ आली. फोन येणं शक्य नव्हतं, दोघांच्याही लाइनी गुंतलेल्या. मी पडद्याकडे बघत बसलो. तिकडून एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत, एकेक शब्द येऊ लागला: "पान चुकलं तं चुकू द्या. तुमी बसले, मले लय बरं वाटलं."

मला पुढची पानं काही वेळ दिसेनात. बायकोने विचारलं तर डोळ्यात काहीतरी गेलं म्हणालो.

तो डाव आम्ही हरलो. त्यानंतर मी त्यांच्याबरोबर आणखी दोनदाच बसलो. कधी ऑफिसचं काम, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा, आणि याची मला आजही लाज वाटते. मामाजी होते तोवर त्यावरून कधी रागावले नाहीत. प्रत्येक वेळी "बरं, मंग पुढच्या आयतवारी" म्हणायचे. ते इतक्या सहज म्हणायचे, की आणखी पुष्कळ रविवार आहेत असं मला खरंच वाटायचं.