स्लॅमबुकातलं गाणं

नव्या चादरीच्या खळीचा वास आला की मला दहावीतलं मैत्रिणीचं स्लॅमबुक आठवतं. त्यात ‘आवडतं गाणं’समोर मी कधीही न ऐकलेलं एक इंग्रजी गाणं ठोकून दिलं होतं. मागावर चादरी विणणारे वडील रोज सकाळी माझी वेणी घालताना एक कन्नड गाणं म्हणायचे. आवडायचं मला तेच, पण लिहायची लाज वाटली. भरायला घरी आणलेलं ते पान वडिलांनी वाचलं. “कसं हाय गं हे? म्हणून दाखव की.” मला एक ओळ येईना. “मग आपलं न्हाय आवडत व्हय?” मी स्लॅमबुक मिटून दप्तरात टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ते वेणी तेवढी घालायचे, गायचे नाहीत. आता तेही नाहीत. वेणी घालताना गाण्याची चाल ओठांवर येते, शब्द मात्र एकही आठवत नाही.