हाकेचं नाव

माही वहिनी भागीरथा सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात लग्न होऊन आली तवा तिचं नाव गौरा होतं. आमच्या घरची रीत अशी, का सुनेचं नाव बदलाचं. माह्या भावानं, मुखरूनं, ताटातल्या तांदळात अंगठीनं 'भागीरथा' लिहिलं. ताट मी धरलं होतं. पोरगी मान खाली घालून बसली होती, तिले कोणी विचारलं नाई.

मंग उभी हयात ती भागीरथाच. तिचा भाऊ लटारू आमच्या उंबऱ्यात आला का तोही भागीरथाबाई म्हणे. फोनवर मात्र गौरा. त्याचा फोन आला का वहिनी मागच्या अंगणात जाऊन बोले. मागच्या हिवाळ्यात लटारूभाऊ गेला. तेरवीहून आल्यावर ती मले म्हणाली, "आता मले गौरा म्हणणारं कोणी राह्यलं नाई, बाई." मले लय लागलं ते.

यंदा तिच्या पोराले, प्रफुलले, पोरगी झाली. बारशासाठी मी अगोदरच गेली. वहिनीनं मले एका बाजूले घेतलं. "पोरीचं नाव गौरा ठेवा म्हणा नं तुम्ही. घरात कानावर तरी पडत राहील. मी म्हणलं तं म्हातारीले हौस आली म्हणतील."

मी म्हणलं. प्रफुलनं मोबाईलमधून मानही वर केली नाई. "आत्याबाई, म्हातारीचं नाव आहे ते."

"मंग तुही पोरगी काय म्हातारी होणारच नाई?"

त्याले परी पाहिजे. आता परी पाळण्यात शोभते, पण दात पडल्यावर तिले परीआजी म्हणतील का? दुसरं राजनंदिनी. घर गळून राह्यलं अन् नाव राजनंदिनी. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा.

सून करिष्मा शहाणी. ती म्हणे, नाव कसं आहे ते हाक मारल्यावर समजते. पोरगी खेळाले गेली अन् जेवाले बोलवाची आहे असं समजून तिनं फाटकात उभं राहून एकेक नाव पुकारलं. परी झालं. राजनंदिनी म्हणता म्हणता तिचा दम गेला, सारे हसले. गौरा तेवढं कोणी घेईना. मले राग आला.

"मी सांगितलेलं नाव काऊन सोडलं? तेही पुकार."

"गौरा," करिष्मानं हाक मारली. "ये गौरा, जेवाले ये वं."

"ओ, आली."

वहिनी मागं तांदूळ धूत होती. ओल्या हातानं धावत समोर आली अन् फाटकाकडं पाहत राह्यली. तिथं सून उभी.

"आई, तुले कोणी बोलावलं?" प्रफुल म्हणाला.

"मले वाटलं लटारूदादा आला," ती म्हणाली, अन् तिथंच पायरीवर बसली.

मंग मी ताटाचं, तांदळाचं सारं सांगितलं. प्रफुल खाली पाहून ऐकत होता. आपल्या आईचं नाव त्याले आज समजलं. करिष्मानं आतून पोरीले आणलं अन् सासूच्या मांडीवर ठेवलं.

बारशाले नाव सांगाचा मान आत्याचा. प्रफुलले बहीण नाई, म्हणून तो मान माह्याकडं आला. वहिनी पोरीले घेऊन मान खाली घालून बसली होती, लग्नात बसली तशीच. बाळाच्या कानात नाव हळू सांगाचं असते. मी मोठ्यानं सांगितलं, दोघींनाही ऐकू जाईल असं.