सम एकावर

गणिताच्या बाईला टाळ्या वाजवायला लावायच्या, हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. पण वरून आदेश आला, गणित आणि विज्ञान आता कलेतून शिकवा. म्हणून आम्हा फुलंब्री-कन्नडकडच्या शिक्षकांना शहरात प्रशिक्षणाला बोलावलं. मला बरंच झालं. हॉल पुंडलिकनगरच्या माझ्या घराजवळच, रोजची एसटीतली धक्काबुक्की वाचली. शिवाय दिवसभर माणसांत बसायला मिळणार होतं. आमचे हे जाऊन वर्ष होत आलेलं, लेक पुण्याला. घरात बोलायचं ते भांड्यांशी.

शिकवायला एक तबलजी आले होते, लेकीच्या वयाचे. म्हणाले, "तीनतालाच्या सोळा मात्रा. मोजत राहा आणि समेवर टाळी द्या."

एवढंच ना? मी दोनवर दिली, चारवर दिली, सहावर दिली. अख्ख्या हॉलमध्ये माझी एकटीचीच टाळी.

"मॅडम, समेवर!"

"अहो, समेवरच देतेय की! दोन, चार, सहा. सम संख्या कशाला म्हणतात ते जन्मभर शिकवलंय मी!"

काय हशा पिकला म्हणता! पिशोरचे एक गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "व्हय बाई, लई भारी!" मग उलगडा झाला, की गाणाऱ्यांची सम म्हणजे पहिली मात्रा. एकावर! अहो, एक विषम आहे, एवढंही ह्या लोकांना कुणी सांगितलं नाय का? मी तणतणले खरी, पण मलाही हसू आवरेना.

जेवणानंतर तबलजींनी रूपक ताल घेतला. सात मात्रा, टाळ्या चारवर आणि सहावर.

"घ्या, आता आलात ना माझ्या वळणावर!" मी म्हणाले. "आणि सम?"

"रूपकात समेवर खाली असते, मॅडम. टाळी नाही, नुसता हात उलटा करायचा. पण मात्रा मोजायची. ती गाळली तर ताल मोडला."

घरी येताना रस्ताभर मी तो किस्सा मनात रंगवत होते. हे कसे हसतील, हसता हसता चहा कसा बशीत सांडतील. कुलपात किल्ली घातली तेव्हा भानावर आले.

लेकीला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे गं. काही अर्जंट?"

"छे गं, सहजच."

एवढी गंमत घडली आणि सांगायला घरात माणूस नाही. मला भयंकर रडू आलं. चांगलं पोटभर रडून घेतलं.

मग चहा ठेवला आणि टेबलाशी बसले. समोर ह्यांची खुर्ची. चहा निवेपर्यंत रूपक धरला. चारवर टाळी, सहावर टाळी, अगदी बरोबर. पहिल्या मात्रेला हात उलटा करून खुर्चीकडे न्यायचा. तिथं टाळी नव्हती, म्हणून तेवढा "एक" मी मोठ्यानं म्हणत राहिले.