काट्यावरच्या चार टिकल्या

मी एका माणसाच्या कॉम्प्युटरच्या काचेवरच्या चार टिकल्या नखाने खरवडून काढल्या आणि वर ओलं फडकं मारून दिलं. मारताना शीळही घालत होतो.

तो माणूस कुपवाडच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर बसायचा. भंगाराचा ट्रक भरलेला आला की वजन, रिकामा होऊन परतला की पुन्हा वजन, मग पावती. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. पण मिशांचा हुद्दा वरचा, म्हणून सगळे मेजर म्हणायचे. ट्रक काट्यावर जरा पुढेमागे उभा राहिला की खिडकीतून हात बाहेर यायचा, "जागा सोडायची न्हाई गड्या." हेच ते जेवणाच्या डब्याला, दारातल्या चपलांना आणि मलाही ऐकवायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. फक्त त्याच्या वस्तूंना हात लावला नसेल.

मी तिथल्या औद्योगिक वसाहतीतले कॉम्प्युटर सांभाळतो. म्हणजे बिघडलेले दुरुस्त करतो आणि वेळ उरला तर चांगले बिघडवतो.

त्या दिवसांत कॉम्प्युटरची नवी सिस्टीम येणार अशी हवा होती. ती कशी दिसेल याची चित्रं मोबाइलवर फिरत होती. खालची पट्टी म्हणे अधांतरी तरंगणार, चौकटींचे कोपरे गोल होणार, सगळं काचेसारखं आरपार दिसणार आणि डाव्या कोपऱ्यातली बटणं मधोमध येणार. चित्रं खरी की कुणी घरबसल्या काढलेली, मला काय ठाऊक? पण चहाच्या गाड्यावर मी असा बोलायचो, की कोपरे मला विचारूनच गोल केलेत. मेजर बशीत चहा ओतून ऐकून घ्यायचे. एकदा एवढंच म्हणाले, "बटणं हलवनार म्हंता. तितं काय अडचण होती त्यास्नी?"

जमाना बदलतोय, असं काहीतरी मी बोललो. हे उत्तर नव्हे, एवढं मला आता कळतं.

पुढच्याच आठवड्यात ते पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस रहिमतपूरला गेले. नव्या सिस्टीमचं रूप आजच देणारं काहीतरी मी इंटरनेटवरून उतरवलं होतंच. ते काट्याच्या कॉम्प्युटरवर चढवलं. वजनाच्या प्रोग्रॅमची बटणंही स्वतःच्या अकलेने मधोमध आणली. मग काचेवर ठिपके दिसले. एक लाल, एक हिरवा, एक निळा, एक काळा. एवढं देखणं रूप आणि वर हा गबाळेपणा. पुढचं सांगितलंच आहे.

मेजर परतले त्या सकाळी मला फोन आला. गेलो, तर फाटकाबाहेर पाच ट्रक खोळंबलेले. मेजर खुर्चीत ताठ, हातात माउस, नजर काचेवर, आणि हात हलत नाही. शेजारी मालक उभे. काट्यावर कॉम्प्युटर शिकलेलं तरुण माणूस हवं, असं ते बरेच दिवस बोलून दाखवत होते. आता त्यांनी दुपारपर्यंतची मुदत दिली. तोवर ट्रक निघाले नाहीत तर उद्यापासून खुर्चीवर दुसरा माणूस. एवढं सांगून ते गेले.

मेजरांनी दार लोटलं आणि खरं काय ते सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वजनाचे मोठे लाल आकडे दिसायचे, गाडीचा नंबर बोटं सवयीने टाइप करायची, पण बटणांवरची अक्षरं दिसेनाशी होऊन दोन वर्षं झाली होती. बाणाचा पांढरा ठिपका टिकलीपाशी नेऊन दाबायचा, हा त्यांचा सगळा कॉम्प्युटर. लाल म्हणजे भरलेली गाडी, हिरवी रिकामी, निळी पावतीची.

"आणि काळी?" मी विचारलं.

"तितं हात लावायचा न्हाई. समदं बंद पडतं." मग हळू म्हणाले, "आपरेशनला गेलो आन् म्हैनाभर खुर्ची मोकळी दिसली, की संपलं गड्या."

मी जुनं रूप परत आणलं. पण टिकल्या कधीच कचऱ्यात गेल्या होत्या. मेजरांनी खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. घरातल्या उचलल्या की बायकोची बोलणी बसायची, म्हणून ते स्वतःच विकत आणत; त्यांच्या मिशांकडे बघून बांगडीवाला लय हसतो म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले आणि काचेवर बोट टेकवलं. बोट उचललं तिथे मी लाल टिकली लावली. मग हिरवी, मग निळी. तिन्ही आपापल्या बटणावरून केसभरसुद्धा हलल्या नव्हत्या. काळी मात्र त्यांनी माझ्या हातात दिली नाही. स्वतः लावली.

दुपारच्या आत पाचही ट्रक निघाले. चूक माझी होती, हे मी मालकांना जाऊन सांगितलं. त्यांना त्यात शंका नव्हतीच. डोळ्यांचं मी बोललो नाही.

दिवाळीला कारखाना बंद असताना मेजरांनी एक डोळा उरकला, पुढच्या दिवाळीला दुसरा. काळा चष्मा काढून त्यांनी पहिल्यांदा पडदा नीट बघितला. "आसा दिसतो व्हय ह्यो? मग दिसत नव्हतं तेच बरं हुतं." टिकल्या त्यांनी तशाच ठेवल्या.

खरी सिस्टीम यथावकाश आली. मी छातीठोक सांगितलेल्यातलं निम्मंही तिच्यात नव्हतं. मेजर आपल्या मर्जीने गावी गेले. आता काट्यावर एक मुलगी बसते. प्रोग्रॅम नवा, बटणं दुसरीकडे. लाल टिकलीखाली आता काहीच नाही. तरी तिने ती काढलेली नाही, आणि मला तर काचेजवळ फिरकूच देत नाही.

परवा रहिमतपूरला गेलो. मेजर रानात गेले होते. दारात त्यांच्या मंडळी. कधी भेट नव्हती, म्हणून सांगितलं, कुपवाडहून आलोय, कॉम्प्युटरचं काम बघतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत निघाल्या. उंबऱ्यावर थांबून मागे वळल्या.

"बसा. पर कशाला हात लावू नका."